कोरडवाहू फुफ्फुस

सेवाग्रामवरच्या लेखाची सुरुवात खाटकाच्या दुकानातून करणं बरं दिसत नाही. पण फुफ्फुस हा अवयव आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो तो तिथेच. कलेजी गडद, जड, गुळगुळीत, गुर्दे घट्ट. त्यांच्या शेजारी फिकट गुलाबी, फुगीर, हातात घेतलं तर वजनच लागू नये असं काहीतरी लटकत असतं, ते फोपसं. पातेल्यातल्या पाण्यात टाकलं तर कलेजी बुडते आणि फोपसं तरंगतं. माणसाच्या फुफ्फुसाचीही जात हीच. आत हवा असते म्हणून ते तरंगतं, आणि त्याची सगळी दुखणी त्या हवेच्या जागी दुसरं काही शिरलं की सुरू होतात.

मोठ्या माणसाच्या दोन फुफ्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरले तर सत्तर ते शंभर चौरस मीटर जागा व्यापतील, म्हणजे गावाकडच्या ऐसपैस घराएवढी. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा केसाच्या जाडीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाएवढा पातळ. मूत्रपिंड आणि यकृत शरीराच्या आत बंद कपाटात ठेवल्यासारखे असतात. फुफ्फुसाचं दार मात्र कायम रस्त्यावर उघडं. चुलीचा धूर, बिडी, पऱ्हाटीवरच्या फवारणीचा वास, क्षयाचे जंतू, झोपेत घशात उतरलेली लाळ, सगळं त्याच वाटेने आत येतं.

त्यामुळे अवयवदान झालं की मूत्रपिंडं आणि यकृत बऱ्याचदा कामी येतात, फुफ्फुसं मात्र राहून जातात. जगभर वर्षानुवर्षं हिशेब साधारण असा राहिला आहे: एकाहून अधिक अवयव देणाऱ्या पाच दात्यांपैकी जेमतेम एकाची फुफ्फुसं दुसऱ्याला बसवण्यालायक ठरतात. उरलेल्या चौघांची नापास. ती खरोखरच वाईट होती का, की आपण त्यांना शेवटच्या काही तासांत वाईट होऊ दिलं, हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नीट विचारला गेला. त्याची दोन उत्तरं मिळाली. एक फार महागडं आहे, ते स्वीडन आणि कॅनडातून आलं. दुसरं जवळजवळ फुकटातलं आहे. दोन्हीकडे सेवाग्रामसारख्या गावातून पाहिलं तर त्यांचा क्रम बदलतो, आणि या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे.

वर्धा–नागपूर रस्त्यावर संध्याकाळी मोटारसायकल घसरते असं समजू. हेल्मेट नाही, डोक्याला मार. पस्तिशीचा माणूस. वर्धा जिल्ह्यात अशा माणसासाठी जवळची मोठी रुग्णालयं दोन: सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. नळी घालतात, व्हेंटिलेटर लावतात, सीटी स्कॅन होतो, शस्त्रक्रिया होते किंवा होण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. दोन दिवसांनी बुबुळं प्रकाशाला दाद देत नाहीत, सक्शनची नळी घशात गेली तरी खोकला येत नाही. मेंदूचं खोड निकामी झालं आहे. छाती तरी वरखाली होतेच आहे.

“पण डॉक्टरसाहेब, छाती तं हालून राहिली ना!” असं म्हणणारा एक काका प्रत्येक आयसीयूच्या दारात भेटतो. छाती मशीन हलवतं हे त्याला समजावून सांगायला लागणारा वेळ हा या सगळ्या विज्ञानातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि त्यासाठी कुठलंही यंत्र निघालेलं नाही.

मेंदू मरतो तेव्हा शरीरात काय होतं ते पाहू, कारण फुफ्फुसाचा निकाल तिथेच लागतो. कवटीत सूज वाढून दाब चढतो तसा मेंदूचं खोड जीव वाचवण्याचा शेवटचा आटापिटा करतं. अड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं एकदम रक्तात ओतली जातात. सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो आणि रक्ताचा लोंढा फुफ्फुसांकडे ढकलला जातो. त्या केसाच्या शंभराव्या हिश्शाच्या पडद्याला हा दाब सोसत नाही. बारीक केशवाहिन्यांतून पाणी वायुकोशांत झिरपतं. वादळ थोड्या वेळात ओसरतं आणि मग उलटं होतं: रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो. त्याच सुमारास पीयूषिका ग्रंथीकडून येणारं, मूत्रपिंडांना ‘पाणी राखा’ सांगणारं संप्रेरक थांबतं. लघवी धो धो सुरू होते, तासाला अर्धा-अर्धा लिटरसुद्धा.

रक्तदाब पडला, लघवी वाहते आहे. अशा वेळी हात आपोआप सलाइनकडे जातो. एक बाटली, दुसरी बाटली, मोठी सुई, वेगाने. मूत्रपिंड सांभाळणारा डॉक्टर यावर खूष असतो. त्याचं पीक बागायती. भरपूर पाणी मिळालं की तरारतं, अगदी आमच्याकडच्या संत्र्याच्या बागेसारखं. फुफ्फुस मात्र कोरडवाहू. काळ्या जमिनीत पाणी साचून ती चिभडली की कपाशीचं जसं होतं तसंच त्याचं होतं: मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी पडतात. ज्या शेतकऱ्याच्या एकाच बांधाला संत्रा आणि कपाशी असते त्याला पाटाचं पाणी कुणीकडे किती सोडायचं हे रोज ठरवावं लागतं. दाता सांभाळणारा आयसीयूतला डॉक्टर त्याच अडचणीत असतो. पुष्कळ वर्षं हा वाद मूत्रपिंडं जिंकत आली, कारण ती जास्त वेळ टिकतात आणि मागणीही त्यांचीच जास्त. मग स्पेनमधल्या डॉक्टरांनी हिशेब मांडून पाहिला. पाणी बेतानं दिलं, रक्तदाबासाठी सलाइनऐवजी औषधाचा आधार घेतला, थांबलेलं संप्रेरक बाहेरून थेंबाथेंबानं दिलं, तर फुफ्फुसं जास्त मिळाली आणि मूत्रपिंडांचंही बिघडलं नाही. कपाशी वाचवताना बाग वाळली नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण घड्याळ तो लावतो. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. त्याप्रमाणे मेंदूमृत्यू चार डॉक्टरांच्या मंडळानं जाहीर करायचा असतो. तपासण्या दोनदा करायच्या आणि दोन तपासण्यांत किमान सहा तासांचं अंतर ठेवायचं. २०११ च्या दुरुस्तीनं ग्रामीण भागाला दोन मोठ्या सवलती दिल्या. मेंदूविकारतज्ज्ञ नसेल तर त्याच्या जागी फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ चालतो. आणि जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा रुग्णालयालाही अवयव काढून देण्यापुरती नोंदणी मिळू शकते. म्हणजे फुफ्फुस बसवणारं केंद्र शेकडो किलोमीटर दूर असलं तरी दाता आहे तिथेच, आपल्याच जिल्ह्यात, राहू शकतो. विदर्भापुरती वाटपाची यादी नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र पाहतं.

दोन तपासण्यांमधले ते सहा तास माझ्या मते या गोष्टीतले सर्वांत महत्त्वाचे. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना ते नुसते वाट पाहण्याचे वाटतात. आत फुफ्फुस एक तर सुधारत असतं किंवा बिघडत असतं.

इटली आणि स्पेनमधल्या बारा आयसीयूंनी याच सहा तासांवर एक प्रयोग केला. तो डिसेंबर २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूमृत्यूच्या निरीक्षणकाळात असलेले ११८ संभाव्य दाते चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला नेहमीची पद्धत: दर श्वासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १० ते १२ मिलिलिटर हवा, उच्छ्वासाच्या शेवटी फुफ्फुसात राखलेला दाब ३ ते ५, सक्शन करताना व्हेंटिलेटरची नळी काढायची, मेंदूमृत्यू ठरवण्याच्या श्वास-चाचणीच्या वेळी मशीन सोडवायचं. दुसऱ्या गटाला लहान श्वास, किलोमागे ६ ते ८ मिलिलिटर. शेवटचा दाब ८ ते १०. नळी न काढता सक्शन. श्वास-चाचणीतही फुफ्फुसावर हवेचा दाब चालूच. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. फक्त खटके वेगळ्या जागी फिरवले.

सहा तासांनी पहिल्या गटातले ५४ टक्के दाते फुफ्फुसदानाच्या कसोटीला उतरत होते. दुसऱ्या गटातले ९५ टक्के. प्रत्यक्षात फुफ्फुसं काढून बसवली गेली ती पहिल्या गटात २७ टक्क्यांची, दुसऱ्यात ५४ टक्क्यांची. बरोब्बर दुप्पट. हृदय, यकृत, मूत्रपिंडं यांच्या संख्येत फरक पडला नाही.

हे का होतं ते फुगा फुगवून पाहिलेल्या कुणालाही कळेल. पहिला श्वास फुंकताना गाल दुखतात. फुगा एकदा थोडा फुगला की पुढचं सोपं. वायुकोशांचंही तसंच. प्रत्येक उच्छ्वासाला ते पूर्ण मिटले आणि प्रत्येक श्वासाला पुन्हा जबरदस्तीनं उघडले तर मिनिटाला पंधरा वेळा, तासाला नऊशे वेळा, त्यांच्या भिंती ओरबाडल्या जातात. त्यांना अर्धवट उघडं ठेवणारा थोडासा दाब कायम राहू दिला तर ही ओढाताण वाचते. मेंदूमृत्यूची श्वास-चाचणी याच बाबतीत घात करते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० पर्यंत चढू देऊन माणूस स्वतःहून श्वास घेतो का ते पाहायचं असतं. त्यासाठी मशीन नुसतं काढून ठेवलं तर त्या आठ-दहा मिनिटांत खालचे वायुकोश कोसळतात. चाचणी कायद्यानं करायचीच आहे, पण दाब राखून करता येते. आणि नंतर काही सेकंद जास्त दाब देऊन मिटलेले वायुकोश पुन्हा उघडायचे असतात.

बाकीचं काम शुश्रूषेचं. पलंगाचं डोकं तीस अंश वर. दर दोन तासांनी कूस बदलणं. श्वासनळीतल्या नळीभोवतीचा फुगा पुरेसा भरलेला आहे ना, नाहीतर तोंडातली लाळ गळून खाली उतरते. तोंड स्वच्छ ठेवणं. खोकला संपलेला असतो, त्यामुळे कफ काढायचा तो नर्सनंच. लागेल तेवढाच प्राणवायू. हे वाचून कुणाला वाटेल की यात विज्ञान कुठे आहे. प्रश्न योग्य आहे, आणि तो सेवाग्रामात तरी विचारू नये. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आश्रमात ठेवून घेऊन गांधीजींनी स्वतःच्या हातांनी त्यांची मालिश केली, तो हा गाव.

फुफ्फुसाशी या गावाचं आणखी एक नातं आहे. कस्तुरबांची फुफ्फुसं आयुष्यभर कमजोर होती. ब्राँकायटिस त्यांचा जुना. आगाखान पॅलेसच्या कैदेत हृदयविकारात न्यूमोनियाची भर पडली. मुलानं, देवदासनं, तेव्हा दुर्मिळ असलेलं पेनिसिलिन विमानानं मागवलं. दर काही तासांनी सुया टोचाव्या लागतील हे कळल्यावर गांधीजींनी ते देऊ नये असं सांगितलं. २२ फेब्रुवारी १९४४ ला बा गेल्या. त्या कैदेत डॉ. सुशीला नायर सोबत होत्या. त्याच सुशीलाबेननी पुढे सेवाग्रामात कस्तुरबांच्या नावाचं रुग्णालय वाढवलं आणि १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ती ओळखली जाते. पेनिसिलिनबाबतचा तो निर्णय बरोबर की चूक यावर आजही दोन तट पडतात. मला स्वतःला तो पटत नाही. पण वैद्यकानं कुठे थांबावं हा प्रश्न एका फुफ्फुसाच्या निमित्तानं गांधीजींच्या घरात विचारला गेला होता, एवढं खरं.

पूर्वी कसोटी फार कडक होती. दात्याचं वय ५५ च्या आत, सिगारेटचा हिशेब वीस ‘पॅक-वर्षां’च्या (रोज एक पाकीट अशी वीस वर्षं) आत, छातीचा एक्स-रे स्वच्छ, पोटातलं काही श्वासनळीत गेलेलं नाही, आणि शंभर टक्के प्राणवायू दिल्यावर धमनीतल्या रक्तात त्याचा दाब ३०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर. तरुण निरोगी फुफ्फुसात हाच आकडा पाचशेच्या घरात जातो. ही यादी मोठ्या अभ्यासातून आलेली नव्हती. भीतीतून आली होती, आणि भीतीला कारण होतं. माणसाला दुसऱ्याचं फुफ्फुस पहिल्यांदा बसवलं ते ११ जून १९६३ रोजी, अमेरिकेत मिसिसिपी राज्यात जॅक्सन इथे, डॉ. जेम्स हार्डी यांनी. रुग्ण अठरा दिवस जगला. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जगभर चाळीसएक प्रयत्न झाले आणि जवळजवळ सगळे फसले. बेल्जियममधला एक रुग्ण दहा महिने काढू शकला तेवढाच. श्वासनळीचा सांधा भरून यायचा नाही. १९८३ साली टोरांटोत डॉ. जोएल कूपर यांच्या पथकाला पहिलं टिकाऊ यश मिळालं आणि तो रुग्ण सहा वर्षांहून अधिक जगला. इतकं पोळलेल्या लोकांनी ताक फुंकून प्यावं यात नवल नाही. नंतर कळत गेलं की ५५ च्या पुढचे किंवा थोडी सिगारेट ओढलेले काही दातेही नीट निवडले तर चालतात. एक्स-रेवरचा डाग पुष्कळदा साचलेल्या पाण्याचा किंवा कोसळलेल्या भागाचा असतो, आणि तो पुसता येतो.

आमच्याकडच्या फुफ्फुसांना मात्र स्वतःची काही गाऱ्हाणी आहेत जी टोरांटोच्या पुस्तकात ठळक टाइपात येत नाहीत. बाईनं कधी सिगारेट हातात धरली नसली तरी तीस वर्षं पऱ्हाट्यांच्या चुलीपुढे फुंकणी फुंकलेली असते. तिचा ‘पॅक-वर्षां’चा रकाना शून्य दाखवतो. क्षयाचा जंतू कित्येकांच्या छातीत झोपून असतो आणि प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाली की तो जागा होऊ शकतो, म्हणून दात्याच्या फुफ्फुसात जुने व्रण शोधावे लागतात. कीटकनाशक पोटात गेलेला रुग्ण मेंदूमृत झाला तर विषाचा अंश आणि श्वासनळीत उतरलेली उलटी, दोन्हींचा विचार करावा लागतो. इथे रुग्णाच्या घरच्यांना नीट प्रश्न विचारणं एक्स-रेइतकंच महत्त्वाचं. चूल होती का, घरात कुणाला टीबी झाला होता का, फवारणीला जायचा का.

आता ते महागडं उत्तर.

स्वीडनमधल्या लुंडचे डॉ. स्टिग स्टीन यांनी एक वेगळीच कल्पना लढवली. फुफ्फुस काढून बर्फात ठेवलं की ते झोपतं. झोपलेल्या माणसाची ताकद जोखता येत नाही तसं त्याचंही काही कळत नाही. मग त्याला शरीराबाहेरच जागं करून का पाहू नये? त्यांनी अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाचं प्रमाण भरपूर असलेला द्राव तयार केला. अल्ब्युमिन पाणी धरून ठेवतं, त्यामुळे हा द्राव फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतून फिरताना आत मुरलेलं पाणी ओढून घेतो. मघाच्या भाषेत, चिभडलेल्या शेतातून चर खणून पाणी काढणं. २००० साली त्यांनी हृदय बंद पडून गेलेल्या दात्याचं फुफ्फुस असं बाहेर तपासून बसवलं, आणि २००५ साली आधी नाकारलेलं फुफ्फुस दुरुस्त करून.

टोरांटोत डॉ. शाफ केशवजी आणि डॉ. मार्सेलो सिपेल यांनी ही पद्धत कित्येक तास चालेल अशी बेतली. पारदर्शक घुमटाखाली दोन्ही फुफ्फुसं ठेवलेली. पंपानं द्राव आत जातो, पण हृदयाच्या नेहमीच्या जोराच्या चाळीस टक्केच. तापमान हळूहळू ३७ अंशांवर. मिनिटाला फक्त सात श्वास. द्रावातला प्राणवायू मुद्दाम काढून टाकलेला असतो, म्हणजे फुफ्फुस त्यात किती नवा भरतं ते मोजता येतं. त्या घुमटात फुफ्फुसं फुगतात, मिटतात. खाली माणूस नसतो. चित्रफितीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला विज्ञान वगैरे काही आठवलं नाही, फक्त दचकायला झालं. चार तासांत कळतं: पाणी ओसरलं का, लवचिकपणा परत आला का. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अशी धोक्याची वाटलेली २३ फुफ्फुसं यंत्रावर तपासली आणि त्यांतली २० बसवली. पहिल्या तीन दिवसांत नवं फुफ्फुस गंभीर बिघडण्याचं प्रमाण त्या वीस जणांत १५ टक्के होतं, नेहमीच्या फुफ्फुसांत ३० टक्के. संख्या लहान असल्यानं यंत्रावरची फुफ्फुसं सरस ठरली असं म्हणता येत नाही. नाकारली गेली असती ती फुफ्फुसं निदान वाईट ठरली नाहीत, हेच मोठं.

घुमटाखाली जिवंत अवयव हाती आहे म्हटल्यावर लोकांना कल्पना सुचायला लागल्या. टोरांटोच्याच पथकानं २०२२ मध्ये दाखवलं की माणसाच्या आतड्यातल्या एका जीवाणूकडून मिळालेली विकरं द्रावात घातली तर फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांवरची ‘ए’ रक्तगटाची खूण काही तासांत खरवडून निघते. ते फुफ्फुस मग ‘ओ’ गटासारखं, कुणालाही चालणारं होऊ शकतं. सध्या ही प्रयोगशाळेतली गोष्ट आहे. पण रक्तगट जुळत नाही म्हणून यादीत अडकून पडलेल्या ‘ओ’ गटाच्या रुग्णाला तिचा अर्थ सांगावा लागत नाही.

या सगळ्यात सेवाग्रामच्या दृष्टीनं मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक अगदी साधा शोध, तोही टोरांटोचाच. काढलेलं फुफ्फुस ४ अंशांच्या आसपास, बर्फात ठेवायची रीत आहे. का? कारण बर्फ सगळीकडे मिळतो. १९९० च्या सुमारास प्राण्यांवरच्या प्रयोगांत १० अंश हे तापमान जास्त मानवतं असं दिसलं होतं, पण १० अंशांचा बर्फ नसतो, म्हणून विषय मागे पडला. २०२१ मध्ये तो परत उघडला. डुकरांची फुफ्फुसं १० अंशांवर ३६ तास ठेवूनही बर्फातल्यांपेक्षा चांगली राहिली. पेशींमधले ऊर्जेचे कारखाने, मायटोकाँड्रिया, शाबूत होते. केळी फ्रीजमध्ये ठेवली की काळी पडतात, फळीवर ठेवली तर बरी राहतात, हे घरातल्या बाईला आधीपासून ठाऊक असतं. त्यानंतर माणसांवर अनेक केंद्रांत मिळून झालेल्या अभ्यासात बारा तासांहून जास्त काळ राखलेली फुफ्फुसंही चांगली चालली.

बर्फातल्या फुफ्फुसाला सहा ते आठ तास मिळतात. त्यात दोन्ही फुफ्फुसं एकामागून एक बसवायची, म्हणजे दुसरं ताटकळत राहतं. सेवाग्रामहून नागपूरचं विमानतळ सुमारे पाऊणशे किलोमीटर. पुढे मुंबई, पुणे, हैदराबाद किंवा चेन्नई, जिथे फुफ्फुस बसवणारी पथकं आहेत. पथक विमानानं येणार, रात्रीच्या वेळेला विमान मिळेल न मिळेल. समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो, पण नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर म्हणजे सुसाट गाडीलाही आठ तास. फुफ्फुसासाठी तो रस्ता असून नसल्यासारखा. सहा तासांचे बारा झाले तर नकाशाच बदलतो. रात्री काढलेलं फुफ्फुस सकाळच्या विमानानं जाऊ शकतं, शल्यचिकित्सक झोप झालेल्या डोळ्यांनी शस्त्रक्रिया करू शकतो. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना १० अंश राखणारी चांगली पेटी लागेल, आणि ती घुमटाच्या यंत्रासारखी आवाक्याबाहेरची वस्तू नाही.

घुमटाचं यंत्र, त्याचा द्राव, एकदाच वापरायचे भाग, ते चालवणारं पथक हा खर्च मोठ्या केंद्रांनी करावा, त्याला माझी हरकत नाही. पण तिथे पोचेपर्यंत फुफ्फुस अर्धं बुडालेलं असेल तर त्या घुमटाचा सगळा वेळ आपण सलाइननं भरलेलं पाणी काढण्यातच जायचा.

एक शंका उरते, आणि ती काकांच्या प्रश्नाइतकीच रास्त आहे: अवयवांसाठी म्हणून डॉक्टर रुग्णाकडे आधीच दुर्लक्ष तर करणार नाहीत? कायद्यानं मेंदूमृत्यू ठरवणारे डॉक्टर आणि अवयव बसवणारे डॉक्टर वेगळे ठेवले आहेत. संमतीनंतर दात्याचं शरीर सांभाळण्याचा खर्च त्याच्या घरच्यांकडून घ्यायचा नाही असंही नियमांत आहे, आणि हे बिल करणाऱ्या खिडकीपर्यंत पोचलेलं असणं फार गरजेचं आहे. पण माझ्या दृष्टीनं सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वेगळी. दात्याच्या फुफ्फुसांना जपणारे लहान श्वास हे दात्यांसाठी शोधलेले नाहीतच. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या अभ्यासात, फुफ्फुसं सुजलेल्या जिवंत माणसांना किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटरचे श्वास दिले तेव्हा मृत्यूचं प्रमाण ३९.८ वरून ३१ टक्क्यांवर आलं. शेवटपर्यंत माणूस वाचवण्यासाठी जे करायचं, तेच पुढे त्याचं फुफ्फुस वाचवतं. खटका बदलावाच लागत नाही. पहिल्या दिवशी बरोबर लावलेला असला म्हणजे झालं.

आणि तो बरोबर लावण्यात नेहमीची एक गफलत होते. किलोमागे सहा, पण कुठले किलो? काट्यावरचे नव्हेत. पोट सुटलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही. त्याचं माप उंचीवर ठरतं. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन साडेएकसष्ट किलो, मग तो प्रत्यक्षात नव्वद किलोचा का असेना. त्याला ३७० ते ४९० मिलिलिटरचा श्वास पुरतो. नव्वदाच्या हिशेबानं जुन्या पद्धतीचा दिला तर हजारावर जातो. बेशुद्ध, आडव्या माणसाची उंची कुणाला सांगता येत नाही आणि नातेवाईक म्हणतात, “असंन, माह्याएवढाच.” त्यावर उपाय म्हणजे टाचेपासून डोक्यापर्यंत एकदा टेप धरायची. शिंपी वापरतो तीच. ती प्रत्येक व्हेंटिलेटरच्या दांडीला सुतळीनं बांधून ठेवावी, नाहीतर दुसऱ्या वॉर्डात जाते आणि परत येत नाही.